रात्री उभी केलेली गाडी सकाळी बसलेली : जुन्या एसयूव्हीचं एअर सस्पेन्शन

टॉवेलवाला | ३ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. २०११ ची युरोपियन एसयूव्ही आहे, डिझेल, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. मी दुसरा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'असल्या गाड्या घ्याव्यातच कशाला' इकडे वळेल. (वळणारच आहे म्हणा.) चारही चाकांना स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे आहेत.

तक्रार अशी. रात्री अंगणात सरळ उभी केलेली गाडी सकाळी रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी बसलेली असते. एका बाजूने नाही, चारही बाजूंनी. चालू केली की कॉम्प्रेसर घरघरतो आणि पूर्वी दोन मिनिटांत उभी राहायची. गेले १५ दिवस अर्धीच उठते, पिवळा दिवा लागतो आणि कॉम्प्रेसर गप्प होतो. अर्ध्या तासाने पुन्हा चालू केली तर कधी उठते, कधी नाही.

पुण्यात एका गॅरेजला दाखवली. लिफ्टवर चढवून साबणाचं पाणी मारलं, कुठेही बुडबुडा नाही. तरीही कागदावर लिहून दिलं : चारही फुगे आणि कॉम्प्रेसर बदला, ३ लाख ६० हजार. गाडी विकायला काढली तर सात लाख आले तरी देव पावला. परत येताना टेंभुर्णीच्या पुढे दिवा लागला आणि मोहोळपर्यंत रस्त्याचा एकेक सांधा कमरेने मोजला.

माझा प्रश्न एवढाच : चारही फुगे एकदम जातात का?

बोलेरोभक्त | ३ मे, रात्री १०:५२

विका. बोलेरो घ्या. पाटा तुटला तरी मोहोळात लोहार मिळतो.

टॉवेलवाला | ३ मे, रात्री १०:५५

बारा मिनिटं. मला वाटलं होतं पाचातच येईल.

होटगीरोडकर | ३ मे, रात्री ११:३०

चारही एकदम जात नाहीत. म्हणजे चौघंही एकाच वयाचे आहेत, एकापाठोपाठ एक जातील हे खरं, पण एकाच रात्री सारख्याच मापाने चौघांनी हवा सोडावी हा योगायोग फार झाला. तुम्हाला गाडी फसवते आहे.

बंद केलेल्या गाडीतही सस्पेन्शनचा कंट्रोलर पुरता झोपत नाही. बऱ्याच गाड्यांत तो काही काही वेळाने जागा होतो, चारही उंचीचे सेन्सर वाचतो आणि एखादा कोपरा खाली गेलेला दिसला की गाडी तिरकी राहू नये म्हणून बाकीच्या तिघांचीही हवा सोडून त्यांना त्याच पातळीला आणतो. इंजिन बंद असताना कॉम्प्रेसर चालवून बॅटरी संपवण्यापेक्षा हवा सोडणं त्याला परवडतं. रात्रीतून तीन-चारदा असं झालं की सकाळी गाडी अगदी समतल बसलेली दिसते. चोर एकटाच असतो, गावजेवण सगळ्यांच्या नावावर लागतं.

तेव्हा आज रात्री हे करा. गाडी नेहमीच्या उंचीवर आणा, बंद करा, दारं लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग सस्पेन्शनचा फ्यूज काढा (कुठला ते गाडीच्या पुस्तकात असतं, अंदाजाने उपटू नका). आता कंट्रोलरला व्हॉल्व्ह उघडताच येणार नाही. चारही कोपऱ्यांची उंची मोजा. जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि अंगणाचा उतार दोन्ही मापात येतात. सकाळी फ्यूज लावायच्या आधी पुन्हा मोजा.

आणि एक. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात-डोकं घालू नका. ही गाडी कधी बसेल ते तुम्हाला विचारून ठरवत नाही.

टॉवेलवाला | ५ मे, सकाळी ७:१५

दोन रात्री मोजलं. आकडे सेंटिमीटरमध्ये, कालच्या रात्रीचे :

रात्री ११ : पुढचा डावा ४६.५, पुढचा उजवा ४६.५, मागचा डावा ४७.५, मागचा उजवा ४७.५.
सकाळी ६ : पुढचा डावा ४६.०, पुढचा उजवा ४६.९, मागचा डावा ४०.५, मागचा उजवा ४६.९.

आदल्या रात्रीही जवळपास हेच. म्हणजे मागचा डावा! होटगीरोडकर, तुमच्या तोंडात साखर पडो. पण एक कळलं नाही. पुढचा उजवा रात्रीतून वर कसा गेला? फ्यूज माझ्या खिशात होता.

बायको म्हणते, पहाटे उठून गाडीचं माप घेणारा शिंपी सोलापुरात एकटाच असेल.

खडू_फळा | ५ मे, सकाळी ९:०५

भौतिकशास्त्र शिकवतो, सुट्टी चालू आहे, म्हणून सविस्तर.

बाजेचा एक पाय तोकडा झाला की काय होतं? तो पाय आणि त्याच्या कर्णातला समोरचा पाय, दोघांवरचं वजन कमी होतं. उरलेल्या दोघांवर वाढतं. तुमचा मागचा डावा बसला, तर त्याचा जोडीदार पुढचा उजवा हलका झाला. फुग्यातली हवा तेवढीच, वर वजन कमी, म्हणून ती पसरली आणि कोपरा चार मिलिमीटर उचलला गेला. पुढचा डावा आणि मागचा उजवा यांच्यावर वजन वाढलं, ते थोडे दबले. ते दोघे गळत नाहीत.

थोडा हात तापमानाचाही आहे. रात्री अकराला अंगणातली फरशी तापलेलीच होती, पहाटे हवा दहा-बारा अंशांनी उतरली. केल्व्हिनमध्ये धरलं तर हा साधारण चार टक्क्यांचा फरक, हवेचं आकारमान तेवढंच आकसतं. तेव्हा पाच मिलिमीटरने घाबरू नका. सात सेंटिमीटर ही मात्र गळतीच.

पत्रापेठ | ५ मे, दुपारी १२:२०

कशाला या भानगडीत पडताय. चारही फुगे काढा, साध्या स्प्रिंगा बसवा. किट मिळतं. एकदाच खर्च, आयुष्यभर शांतता. माझ्या साडूने केलंय.

होटगीरोडकर | ५ मे, दुपारी १:०२

शांतता मिळते, पण फुकट नाही. उंची कमी-जास्त करणं गेलं. कंट्रोलरला गप्प करायला वेगळा मॉड्यूल लावावा लागतो, नाहीतर दिवा कायम. मागे वजन टाकलं की ढुंगण खाली, हेडलाइट आभाळात. आणि सस्पेन्शनची मूळ रचना बदलणं हा कागदोपत्रीही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ अशा बदलांबद्दलच आहे. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरने खाली वाकून बघितलं तर उत्तर काय देणार?

चारही फुगे खरंच फाटलेत आणि गाडी पाच वर्षं ठेवायची आहे, तर विचार करावा. इथे एक कोपरा गळतोय. एक दात किडला म्हणून कवळी बसवत नाहीत.

पत्रापेठ | ५ मे, दुपारी १:१०

साडूला कलम ५२ सांगतो. झोप उडेल त्याची.

ट्रॅव्हल्सची_खिडकी | ५ मे, रात्री ९:४५

आमच्या घरच्या बस आहेत, सोलापूर-हैदराबाद आणि सोलापूर-मुंबई. एक गोष्ट कुणाच्या लक्षात कशी आली नाही? सोलापुरात हवेच्या सस्पेन्शनचे मेकॅनिक शोधायचे तर मोटारीच्या गॅरेजात नाही, बसच्या गॅरेजात शोधा. आमच्या गाड्यांना वर्षानुवर्षं फुगेच आहेत. आमच्या बसमध्ये त्याला कॉम्प्युटर नाही, एक लेव्हलिंग व्हॉल्व्ह आणि त्याला एक दांडी. बॉडी खाली आली की दांडी वर ढकलली जाते, व्हॉल्व्ह हवा भरतो. बॉडी वर गेली की हवा सोडतो. तुमच्या गाडीत दांडीच्या टोकाला सेन्सर आहे आणि मधे कॉम्प्युटर. बाकी रबर ते रबरच.

हैदराबाद रोडला आमचे एक मामा आहेत, तीस वर्षं बसखाली काढलीत. पुण्याच्या लिफ्टची गोष्ट त्यांना सांगितली. हसले. म्हणाले, "लटकवून काय बघलालाव बे? वजनावर बघा की!"

त्यांचं म्हणणं असं : गाडी लिफ्टवर उचलली की चाकं खाली लोंबतात. फुगा लांब ताणला जातो, त्याची घडी (खालच्या पिस्टनवर रबर जिथे दुमडून बसतं ती जागा) नेहमीच्या जागेवरून सरकते आणि वजन नसल्यामुळे आतला दाबही उतरतो. रबर चिरतं ते नेमकं घडीच्या जागी. घडी सरकली की ती चीर पिस्टनच्या अंगाला सपाट चिकटते आणि मिटते. मग कितीही साबण मारा. गाडी चाकांवर उभी पाहिजे आणि माणूस खाली पाहिजे. म्हणजे खड्डा पाहिजे. मोटारवाल्यांनी खड्डे बुजवून लिफ्ट बसवल्या, आमच्याकडे खड्डा आहे.

टॉवेलवाला | ५ मे, रात्री ९:५८

मामांना विचारा कधी येऊ. येताना काय आणू?

ट्रॅव्हल्सची_खिडकी | ५ मे, रात्री १०:०३

शेंगाचटणी त्यांच्या घरीच होते. टॉवेल आणा. ग्रीस पुसायचे नाहीत, चांगले आणा.

टॉवेलवाला | ८ मे, रात्री ११:२०

मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

काल दुपारी गेलो. ऊन असं की पान्याला हात लावायची सोय नाही. मामांनी आधी गाडी नुसती ऐकली. खाली-वर करायला लावली, इंजिन बंद, पंखा बंद, मोबाइल बंद, सगळ्यांना गप्प बसवलं. मग खड्ड्याच्या कडेला लाकडी ठोकळे लावले, गाडी अचानक बसली तरी चॅसी ठोकळ्यावर टेकेल अशी, आणि मगच खाली उतरले. होटगीरोडकरांनी वर लिहिलेलं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

साबणाचं पाणी म्हणजे कपड्याच्या पावडरचा फेस नव्हे. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, भरपूर पाणी, फेस न करता हलवलेलं, आणि फवारणीची बाटली. आधीच फेस असेल तर नवा बुडबुडा कसा ओळखणार, हा त्यांचा मुद्दा. क्रमही ठरलेला : आधी व्हॉल्व्ह ब्लॉकवरचे (इथूनच चारही फुग्यांना हवा वाटली जाते) पाइपचे सांधे, मग पाइप, मग फुग्याचं वरचं तोंड, शेवटी घडी.

घडीच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरच्या अंगाला, फवारल्यावर पाच सेकंदांत बारीक पांढरी फेसाची रेघ आली. बोटाच्या पेराएवढी लांब. मामांनी गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर न्यायला सांगितली : रेघ बंद. नेहमीच्या उंचीवर परत आणली : पुन्हा सुरू. हे तीनदा करून दाखवलं. पुण्याला दीड हजार भरून जे दिसलं नव्हतं ते असं दिसलं.

रबर का चिरलं? वय झालंच होतं. त्यात घडीत वाळू. आमच्या गोडाउनच्या रस्त्याची धूळ मी १३ वर्षांत एकदाही धुतलेली नाही (आधीच्या मालकाचीही जबाबदारी माझ्यावरच घेतो). मामांच्या मते गाडी धुताना पाण्याचा साधा फवारा घडीत मारायचा. प्रेशर वॉशरचं तोंड जवळ नेऊन मारलं तर वाळू आणखी आत बसते.

आता दुसरी गंमत. फुगा गळत होता हे ठीक, पण कॉम्प्रेसर अर्ध्यात का थांबतो? मला वाटलं थकला. थकला होताच : रोज सकाळी रिकामी गाडी उचलायची, दिवसभर गळती भरत राहायची. जास्त वेळ चालला की तापतो आणि कंट्रोलर त्याला जळू नये म्हणून बंद करतो. तोच पिवळा दिवा. म्हणजे कॉम्प्रेसर चोर नव्हता, चोरामागे धावून दमलेला शिपाई होता.

पण माझ्या गाडीत कॉम्प्रेसर स्टेपनीच्या खळग्याशेजारी आहे आणि बाहेरची हवा तिथूनच ओढतो. मामांनी आत ओढणारा छोटा फिल्टर काढला. खोटं वाटेल, पण त्याच्यावर टॉवेल होता. खराखुरा. पांढऱ्या सुताची चांगली जाड चकती. गेली चार वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टेरी टॉवेलचे गठ्ठे मी डिक्कीत टाकून नेतोय. सगळं उडणारं सूत हा बिचारा श्वासाबरोबर ओढत होता. मामांनी ती चकती मला हातात दिली आणि म्हणाले, "घ्या, तुमचाच माल."

खडू_फळा | ८ मे, रात्री ११:४१

जीआय टॅग लावून ठेवा.

होटगीरोडकर | ८ मे, रात्री ११:५०

हसून पोट दुखलं. पण एक महत्त्वाचं. फिल्टर साफ केला, फुगा बदलला, म्हणजे झालं असं समजू नका. कॉम्प्रेसरसोबत ड्रायर असतो, ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा डबा. हवा भरताना त्यातून जाते, कोरडी होते. सोडताना तीच कोरडी हवा उलटी जाते आणि दाण्यांतला ओलावा बाहेर नेते. सततच्या गळतीत भरणंच जास्त, सोडणं कमी. दाणे ओले होतात, त्यांचा भुगा होतो, तो व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन बसतो आणि मग खरंच चारही कोपरे गळायला लागतात. डबा उघडून बघा.

कॉम्प्रेसरच्या पिस्टनची रिंगही बघा. टेफ्लॉनची असते, झिजली की कॉम्प्रेसर फिरतो पण दाब बांधत नाही. इथे दहा-पंधरा बारचं काम आहे. टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार असते, त्यावरून अंदाज घ्या. आणि रिले, म्हणजे कॉम्प्रेसरचा करंट चालू-बंद करणारा स्विच, तो बदलाच. कॉम्प्रेसर ओढतो तो करंट मोठा, संपर्क जळून चिकटले तर कॉम्प्रेसर थांबायचं विसरतो. काहीशे रुपयांचा रिले वाचवून नवा कॉम्प्रेसर जाळलेले लोक मी बघितलेत.

पत्रापेठ | ९ मे, सकाळी ८:१५

दाणे ओव्हनमध्ये भाजून परत वापरता येतात असं व्हिडिओत बघितलंय.

खडू_फळा | ९ मे, सकाळी ८:४०

साधं सिलिका जेल असेल तर १२० अंशांच्या आसपास काही तास ठेवून वाळतं. पण काही ड्रायरमध्ये मॉलिक्युलर सीव्ह असतं, त्याला २०० अंशांच्या वर जावं लागतं, घरच्या ओव्हनचा तो धंदा नाही. आणि भुगा झालेला दाणा भाजून पुन्हा दाणा होत नाही. नवे घ्या.

टॉवेलवाला | ९ मे, सकाळी ८:४४

ओव्हनचा विषय घरात काढला होता. तो धंदा नाही हेच उत्तर मिळालं, फक्त आवाज मोठा होता.

टॉवेलवाला | १६ मे, रात्री १०:०५

काम झालं. क्रमाने नाही लिहीत, जे आठवतंय ते लिहितो.

ड्रायर उघडला. वरचे दाणे ठीक, खालचे गोळा होऊन ओल्या मिठासारखे बसलेले. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये थोडी पांढरी पूड होती, पण आतले सांधे सुटे करून घासायची गरज पडली नाही. रिंग झिजलेली. रिले उघडून बघितला तर आत काळा डाग. होटगीरोडकर, तुम्ही गाडी न बघता सांगितलंत.

मागचा एकच फुगा बदलायचा की दोन्ही, यावरून तासभर वाद. मी म्हणालो दोन्ही, एकाच वयाचे आहेत. मामांनी उजव्या फुग्यावर प्रत्येक उंचीला फवारा मारून दाखवला, एक बुडबुडा नाही. "पैसे जास्त झालेत का? याला वर्षभरानं बघू." एकच बदलला.

नवा फुगा बसवताना एक खाचखळगा आहे, तो लिहिलाच पाहिजे. रिकाम्या फुग्यावर गाडीचं वजन सोडायचं नाही; घडी वेडीवाकडी दुमडते आणि नवं रबर पहिल्याच दिवशी कापलं जातं. आधी थोडी हवा भरायची, घडी सरळ बसलेली बघायची, मग जॅक उतरवायचा. पण जॅकवर चाक लोंबतंय म्हणजे सेन्सर सांगतो 'गाडी खूप वर आहे', आणि कंट्रोलर हवा भरायला तयार होत नाही! मामा म्हणाले गॅरेजच्या लाइनमधून भरू. होटगीरोडकर तिथे स्वतः आलेले (धन्यवाद, घरातलं लग्न सोडून आलात), त्यांनी साफ नकार दिला. गॅरेजच्या टाकीत तळाला पाणी असतं, ती ओली हवा आत घालायची आणि वर कोरड्या दाण्यांवर पैसे घालायचे, हे कसं? शेवटी त्यांच्या स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) त्या एकाच कोपऱ्याचा व्हॉल्व्ह उघडून कॉम्प्रेसरने भरलं. मामांनी स्कॅनर दोनदा उलटसुलट करून बघितला. केवढ्याला मिळतो विचारलं. किंमत ऐकून परत दिला.

पाइपचं टोक कापताना पक्कड नाही, ब्लेड, आणि अगदी काटकोनात. तिरकं कापलं की ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) नीट धरत नाही आणि नवी गळती तुम्हीच तयार करता.

खर्च : फुगा (कंपनीचा नाही, दुसऱ्या उत्पादकाचा) १५,८००, रिंग, दाणे, रिले मिळून ४,२००, मजुरी ३,५००. एकूण २३,५००. वर सहा टॉवेल.

सगळ्यात खालून नेहमीच्या उंचीला यायला आता १ मिनिट ४० सेकंद. दिवा नाही.

पत्रापेठ | १६ मे, रात्री १०:२०

३ लाख ६० हजारांतून २३,५०० वजा करा आणि उरलेल्यात पार्टी द्या.

टॉवेलवाला | १६ मे, रात्री १०:२२

उरलेले माझ्याकडे कधी होते?

बोलेरोभक्त | १६ मे, रात्री १०:३०

अभिनंदन. मनापासून. आता चांगल्या स्थितीत आहे तोवर विका.

टॉवेलवाला | २४ मे, सकाळी ६:४०

आठ दिवस झाले. मधे तुळजापूर आणि विजयपूर, दोन्ही फेऱ्या पाच माणसं आणि सामानासह. टॉवेलचे गठ्ठे आता टेम्पोने जातात. डिक्कीत फक्त एक नॅपकिन आहे, तोही पिशवीत बांधून.

आजचं माप, फ्यूज काढून, रात्रभर : ४६.३, ४६.३, ४७.३, ४७.३. काल रात्री चारही दोन मिलिमीटरने जास्त होते.

खडू_फळा | २४ मे, सकाळी ७:०२

पहाटेचा गारवा.

ट्रॅव्हल्सची_खिडकी | २४ मे, सकाळी ७:३०

मामा विचारतात, जुना फुगा टाकला नाही ना? पोरांना चीर कुठे असते ते दाखवायला हवाय. आणि टॉवेल आवडले म्हणे, पण मामींनी सगळे उचलले.